उसन्या बळाची कुस्ती

कुस्ती हा एकट्याचा खेळ, असं आपण धरून चालतो. कबड्डीत सात जण साखळी करून उभे असतात, खो-खोत एकाचा दम संपला की पाठीवर खो बसून दुसरा उठतो, क्रिकेटमध्ये एकाच्या हातून झेल सुटला तरी सावरून घ्यायला दहा जण असतात. हौद्यात मात्र लंगोट कसलेला एक माणूस आणि समोर तसाच दुसरा. जिंकला तर फेटा त्याच्या डोक्यावर, पडला तर माती त्याच्याच पाठीला. त्यामुळे पैलवानाच्या यशाचं कारण विचारलं की आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात. मनगटावर विश्वास असणारा म्हणतो, ही त्याची मेहनत. देवावर विश्वास असणारा म्हणतो, ही मारुतीरायाची कृपा. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यातल्या तालमींचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ही दोन्ही उत्तरं अपुरी पडतात. तो इतिहास सांगतो की पैलवानाच्या अंगातलं बळ बरंचसं उसनं असतं. घरच्यांकडून, गावाकडून, वस्तादाकडून, जोडीदाराकडून आणि अनोळखी प्रेक्षकाकडूनही ते घेतलेलं असतं. तालीम ही त्या देण्याघेण्याची व्यवस्था, आणि मारुती त्या व्यवहाराचा साक्षीदार. जिथं ही उसनवारी इमानानं पाळली गेली तिथं पैलवान उभा राहिला. जिथं ती मोडली तिथं ना मनगट पुरलं, ना नवस.

आधी मारुतीचं पाहू, कारण त्याच्याशिवाय तालमीची कल्पनाच करता येत नाही. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींची गावं नकाशावर मांडून पाहावीत: शहापूर, मसूर, चाफळ, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी, बहे-बोरगाव, बत्तीस शिराळा, मनपाडळे, पारगाव. कृष्णा आणि वारणेच्या खोऱ्यातला हा टापू, आणि पुढच्या काळात महाराष्ट्राचे नामांकित मल्लही याच टापूतून निघाले. हिंदकेसरी गणपत आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे, हिंदकेसरी मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे, ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. मारुती बसवले म्हणून पैलवान निपजले, असा सोपा हिशेब मी मांडत नाही. या भागात नद्यांचं पाणी होतं, दुभती जनावरं होती, शेतीत राबणारी धट्टीकट्टी पोरं होती. पैलवानकीला तेही लागतंच. पण बलोपासनेला इथं गावोगाव एक ठिकाण होतं, एक दिवस ठरलेला होता आणि गावानं मान्य केलेली एक शिस्त होती. या शिस्तीचं स्वरूप लक्षात घेण्याजोगं आहे. तालमीतला पैलवान मारुतीपुढे हात जोडतो तेव्हा तो विजय मागत असेलही, पण त्याच मारुतीपुढे त्याचा प्रतिस्पर्धीही हात जोडून आलेला असतो. दोघांपैकी एकच जिंकणार, हे देवाला आणि भक्तांना सारखंच ठाऊक असतं. मग ही श्रद्धा काय काम करते? ती पैलवानाला बांधून घेते. पहाटे उठायचं, पायताण बाहेर काढायचं, व्यसनाच्या वाटेला जायचं नाही, बाईमाणसाशी मर्यादेनं वागायचं, वस्तादाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. या सगळ्या शपथा देवाच्या साक्षीनं होतात, पण त्या दिल्या जातात माणसांना. देवानं कुस्ती मारून द्यावी, ही अपेक्षा तालमीत कुणी गंभीरपणे बाळगत नाही. तशी बाळगणारा पोरगा पहिल्याच जत्रेत चितपट होऊन परततो.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे तालमीतला मुसलमान पैलवान. मारुतीची मूर्ती हा केवळ पंथाचा मामला असता तर त्या छपराखाली त्याला जागा मिळाली नसती आणि त्यानं ती मागितलीही नसती. प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूर दरबारानं पंजाबातल्या मुसलमान मल्लांना मानानं बोलावलं, आणि स्थानिक पोरांनी त्यांच्याकडून डाव उचलले. सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीच्या शेख घराण्यानं महाराष्ट्र केसरीची गदा तीनदा घरी नेली: १९८० मध्ये इस्माईल शेख, १९९२ मध्ये अप्पालाल शेख, २००२ मध्ये मुन्नालाल शेख. २०१८ मध्ये जालन्यात ती गदा उचलली करमाळा तालुक्यातल्या बाला रफिक शेखनं. तो आंदळकरांच्या हाताखाली कोल्हापुरात तयार झालेला मल्ल, आणि गदा मिळाली त्याच्या तीनच महिने आधी आंदळकर गेले होते. वस्ताद हिंदू, शिष्य मुसलमान, भिंतीवर मारुती. यात कुणाला काही जगावेगळं वाटलं नाही, हीच मोठी गोष्ट. कोल्हापुरातल्या तालमी आणि मंडळं गणपती बसवतात तसे मोहरमचे पंजेही बसवतात, आणि दोन्ही सण एकत्र आले की एकाच मांडवात दोन्हींची सोय होते. ही सर्वधर्मसमभावाची भाषणं ऐकून आलेली समज नव्हे. रोज ज्याच्या मानेवर आपला हात आणि ज्याचा हात आपल्या मानेवर, त्याची जातपात विचारत बसायला हौद्यात सवड नसते. श्रद्धा इथं माणसांमधल्या व्यवहाराला बळकटी देते, म्हणूनच ती दुसऱ्या श्रद्धेच्या माणसाला सामावून घेऊ शकते.

तो व्यवहार रोजच्या रोज कसा चालतो ते जवळून पाहिल्याशिवाय उसन्या बळाचा मुद्दा नीट कळणार नाही. हौद्यातली लाल माती नुसती आणून टाकलेली नसते. तिच्यात हळद, लिंबू, ताक, तेल, कापूर घालून ती मुरवतात. आणि लढतीआधी ती फावड्यानं उकरून मऊ करावी लागते, नाहीतर आपटलेल्या पैलवानाचं हाड शाबूत राहत नाही. हे उकरण्याचं काम कुणी मजूर करत नाही. ज्याला त्या मातीत पडायचं आहे आणि ज्याला दुसऱ्याला पाडायचं आहे, ते दोघे मिळून ती उकरतात. आपल्या हातची ढिलाई दुसऱ्याच्या मणक्यावर बेतू शकते, हे दोघांनाही माहीत असतं. मग जोर-बैठका आणि त्यानंतर लढत. नवशिक्या पोराला ढाक हा डाव शिकवायचा तर कुणालातरी ढाकेवर जावं लागतं. पट कसा काढायचा हे कळायला कुणीतरी आपला पाय पुन्हा पुन्हा त्याच्या हाती द्यावा लागतो. मोठा पैलवान लहानाला अंगावर घेतो, त्याचा डाव अर्धा लागू देतो, कुठं चुकलं ते मानेला झटका देऊन दाखवतो, आणि लढत संपली की तोच लहान पोरगा त्याचं अंग रगडून देतो. इथं कुणी कुणाला फी दिलेली नसते. आज ज्यानं अंग दिलं त्याला वर्षभरात कुठल्यातरी मैदानात याच पोराशी लढावं लागण्याचीही शक्यता असते, तरी तो डाव शिकवतो, कारण त्यालाही कुणीतरी असंच शिकवलेलं असतं. शिवाय गावाकडून एसटीनं येणारा दुधातुपाचा डबा आहेच. पैलवान पोसणं म्हणजे घरातल्या दुसऱ्या पोरांच्या तोंडचं दूध एकाला देणं, हे शेतकरी कुटुंबात सगळ्यांनाच कळतं. बदामाची थंडाई पिणारा हात एकट्याचा असतो, पण बदाम कोणाच्या पैशाचे ते तालमीत कुणी विसरत नाही.

या घरगुती उसनवारीला सार्वजनिक रूप दिलं राजर्षी शाहू महाराजांनी. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतलेल्या या राजाला स्वतःला कुस्तीचं वेड होतं, पण वेडापलीकडची दृष्टीही होती. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते युरोपात गेले, रोमचं कलोझियम त्यांनी पाहिलं, आणि परतल्यावर कोल्हापुरात खासबाग मैदानाची कल्पना आकाराला आली. १९१२ मध्ये ते पुरं झालं. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली गोलाकार बैठक, अशी की शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही कुणाची पाठ मातीला लागली ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं. हजारोंच्या समुदायाला सामावणाऱ्या या रचनेचा मतलब नुसत्या करमणुकीपुरता नव्हता. त्याआधी मोठी कुस्ती बहुधा दरबारापुढे व्हायची. निकालाचे साक्षीदार मोजके, आणि त्यांचं मोठेपण राजाच्या मर्जीवर. खासबागेनं साक्षीदार वाढवले. पंचांच्या निर्णयावर हजारो जाणकार डोळे आले. कुस्तीत जोड लावणं, म्हणजे तुल्यबळ पैलवान एकमेकांसमोर आणणं, हे पंचांचं काम नजरेनं चालतं, आणि ती नजर खोटी निघाली तर हलगीवाल्यापासून पागोटेवाल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे ओरडतात. आधी संगनमत करून खेळलेल्या लढतीला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, आणि राजकारणात आज हा शब्द सर्रास वापरला जातो तो शिवी म्हणूनच. या शिवीला धार आहे, कारण प्रेक्षकानं पैलवानाला दिलेला विश्वासही उसनाच असतो आणि नुरा खेळणारा तो बुडवतो. गावच्या जत्रेतही हाच नियम. रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत सगळा पैसा गावच्या वर्गणीतला, म्हणून निकालावर हक्कही सगळ्या गावाचा.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ही सगळी राजाश्रयाची कथा झाली, असं कुणी म्हणेल. पैलवान दरबारचा खुराक खातो, दरबारच्या मर्जीत राहतो. याला परस्पर विश्वास म्हणायचं की ताबेदारी? ज्याचं खावं त्याची पोटापुरती भाटगिरी करावी, यात गौरव करण्यासारखं काय? राजाश्रयात ताबेदारी होती हे मान्यच करावं लागेल. पण तालमीचं बळ केवळ राजाच्या तिजोरीवर उभं असतं, तर संस्थान जाताच ते कोसळायला हवं होतं. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतरची पंधरा वर्षं पाहा. १९५२ मध्ये खाशाबांचं ऑलिम्पिक पदक. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळांच्या पुढाकारानं महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद. १९५९ मध्ये पहिल्याच हिंदकेसरीचा मान श्रीपती खंचनाळे यांना, १९६० मध्ये गणपत आंदळकरांना, १९६४ मध्ये मारुती माने यांना. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि माने दोघंही पदकं घेऊन परतले. म्हणजे राजा गेल्यावर कुस्तीचा बहर ओसरण्याऐवजी वाढला. याचं कारण राजाची जागा घेणारे हात आधीच तयार होते. पेठांनी तालमी सांभाळल्या, गावांनी जत्रांची मैदानं चालू ठेवली, पुढे सहकारी साखर कारखान्यांनी पैलवानांना मानधन दिलं आणि वारणानगरसारख्या ठिकाणी मोठी मैदानं भरवली. शाहू महाराजांचं श्रेय यानं कमी होत नाही. आश्रय असा द्यावा की आश्रयदाता गेल्यावरही लोकांना तो आपला वाटावा, हे त्यांना साधलं. पेठांचा हा तालीम-अभिमान इतका चिवट की कोल्हापुरात फुटबॉल रुजला तोही तालमींच्या नावानं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही संघांची नावं मुळात तालमींची. त्या अभिमानातून मैदानाबाहेर हाणामाऱ्याही झाल्या आहेत, हेही नमूद करायला हवं. आपल्या माणसावरचा विश्वास परक्याविषयीच्या वैरात बदलायला वेळ लागत नाही.

उसन्या बळाचा खरा कस लागला तो खाशाबा जाधवांच्या आयुष्यात, म्हणून त्यांच्यापाशी थोडं थांबावं लागेल. १९२६ मध्ये गोळेश्वरला जन्मलेल्या खाशाबांना वडील दादासाहेबांनीच हौद्यात उतरवलं. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. आयुष्यभर मातीत लढलेला हा पोरगा तिथं मॅटवर उतरला आणि तरीही फ्लायवेट गटात सहावा आला. पुढच्या, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी निवडीपासूनच झगडावं लागलं, आणि निवड झाल्यावर प्रश्न आला प्रवासखर्चाचा. गावकऱ्यांनी, ओळखीपाळखीच्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी या विद्यार्थ्यासाठी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक मिळेलच याची कसलीही हमी नव्हती. स्वतंत्र भारताच्या एकाही खेळाडूनं तोवर वैयक्तिक पदक आणलेलं नव्हतं, म्हणजे व्यवहारी माणसानं हा पैसा बुडीत खात्यातच धरला असता. हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीकडून ते हरले; इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. ती दमवणारी लढत संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभं करण्यात आलं. दोन लढतींमध्ये विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी जागेवर नव्हता, असं खाशाबांचं चरित्र सांगणारे पुष्कळ जण सांगतात. थकलेले खाशाबा ती लढत हरले आणि कांस्यपदकावर थांबले.

या एका प्रसंगात आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू समोर येतात. गोळेश्वरपासून हेलसिंकीपर्यंत खाशाबा पोहोचले ते इतरांच्या भरवशावर, आणि कांस्याच्या पुढे जाता आलं नाही तेही, बहुधा, ज्याच्यावर भरवसा ठेवायला हवा होता तो माणूस जागेवर नसल्यामुळे. हौद्याकाठी वस्ताद असता तर त्यानं पंचांची गचांडी धरली असती. परदेशातल्या मॅटकाठी तसं कुणी नव्हतं. तरी खाशाबांनी आपल्या बाजूचा हिशेब चुकता केला. परतल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मिरवणुकीचा गुलाल उतरताच खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचं गहाण सोडवायला हातभार लावला. ऑलिम्पिक पदकविजेता देणं फेडण्यासाठी पुन्हा जत्रेच्या मातीत उतरतो, ही घटना मला पदकाइतकीच मोठी वाटते. तालमीनं शिकवलेली श्रद्धा ती हीच: घेतलेलं परत करायचं. दुसऱ्या बाजूनं, म्हणजे सरकार आणि क्रीडासंस्थांच्या बाजूनं, हिशेब चुकता झाला का? १९५५ मध्ये ते पोलिस खात्यात फौजदार म्हणून लागले, तिथंच निवृत्त झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक भारताला १९९६ मध्ये लिएंडर पेसनं दिलं, आणि कुस्तीतलं पुढचं पदक २००८ मध्ये सुशील कुमारनं. म्हणजे कुस्तीतच छपन्न वर्षांचं भगदाड. त्या छपन्न वर्षांत महाराष्ट्राच्या तालमीत घाम कमी गळाला नव्हता, आणि मारुतीला शेंदूरही कमी पडला नव्हता. कमी पडली ती गावाच्या वर्गणीपलीकडची, मॅट, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ आणि नियम जाणणारा माणूस देणारी साखळी. आज १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. चांगलं आहे, पण उशिरा दिलेल्या व्याजानं मुद्दल फिटत नाही.

दुसरा आक्षेप असा की ज्या विश्वासाचं मी एवढं कौतुक करतो आहे त्याचं दार अर्ध्या समाजाला बंद होतं. बाईनं हौद्यात पाऊल टाकू नये, ही रूढी तालमीत कसोशीनं पाळली गेली, आणि तिला ब्रह्मचर्याचं व मारुतीच्या सोवळ्याचं कारण दिलं गेलं. खरं तर थंडाईसाठी दूध तापवणारी, पोराला डबा पाठवणारी आई, आणि नवऱ्याच्या पैलवानकीपायी शेताचा भार उचलणारी बायको या उसनवारीतल्या मोठ्या धनको. त्यांनाच घेणेकऱ्यांच्या यादीत जागा नव्हती. या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, मान्यता आहे. फक्त एवढं पुढं जोडता येईल की ही रूढी मोडली तीही विश्वासाच्या त्याच मार्गानं. मुलीला कुस्तीत घालणारे बाप बहुतेक वेळा स्वतः तालमीत वाढलेले पैलवान निघाले. २००४ मध्ये महिलांची कुस्ती ऑलिम्पिकमध्ये आली, तसं सरकारी मैदानांचं दार उघडलं. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. पुरुषांची स्पर्धा सुरू झाल्यानंतर बासष्ट वर्षांनी. देवाचा दाखला देऊन जी बंदी घातली होती ती उठली तेव्हा मारुती कोपला नाही; म्हणजे बंदी माणसांची होती आणि दोष श्रद्धेवर टाकला जात होता.

तिसरा आक्षेप आजच्या प्रशिक्षकांचा आहे. वस्तादावर आंधळा विश्वास ठेवल्यानं नुकसान होतं, असं ते म्हणतात. मातीतला निकाल चितपटीवर, मॅटवरचा गुणांवर. मातीत पाऊण तास एकमेकांना जोखत राहता येतं, मॅटवर सहा मिनिटांत सगळं संपतं. ज्या वस्तादानं मॅट पाहिलीच नाही त्याच्या शब्दावर विसंबणारा पोरगा राष्ट्रीय स्पर्धेत मागं पडणारच. शिवाय खुराकाविषयीचे जुने समज आणि झटपट अंग भरण्यासाठी इंजेक्शनं टोचून घेण्याचा नवा रोग, हे दोन्ही ‘सांगितलं ते ऐकायचं’ या सवयीवरच पोसतात. आक्षेप बरोबर आहे, पण त्याचा रोख चुकीच्या जागी आहे. तालमीच्या परंपरेत विश्वास आंधळा कधीच नव्हता. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, ही म्हण गावोगाव सांगितली जाते. तिचा अर्थ असा की गुरूही शिष्याच्या चारित्र्याची खात्री पटेपर्यंत सगळं त्याच्या हाती देत नाही. शिष्यही तालीम बदलू शकतो आणि बदलतो. खेड्यातल्या हौद्यात तयार झालेला पोरगा पुढच्या डावांसाठी कोल्हापूर-पुण्याची वाट धरतो तेव्हा जुना वस्तादच त्याच्यासोबत येऊन नव्या वस्तादाच्या हाती त्याला सोपवतो. आपल्याला जेवढं येतं तेवढं दिलं, पुढचं तुम्ही द्या, असं सांगणारा हा रिवाज मॅटच्या प्रशिक्षकालाही लागू करता येतो. जिथं तसा लागू झाला तिथं माती आणि मॅट यांचं भांडण मिटलं. इंजेक्शन देणाऱ्याला मात्र या साखळीत जागा नाही, कारण तो कुणाचंही देणं लागत नाही.

तालमीला असलेला खरा धोका मॅटचा नाही, साखळी तुटण्याचा आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेकाठच्या कित्येक गावांच्या तालमी पाण्याखाली गेल्या, वर्षानुवर्षं मुरवलेली माती वाहून गेली. मधल्या काळात करोनानं जत्रा बंद झाल्या. जत्रा बंद म्हणजे इनाम बंद, इनाम बंद म्हणजे खुराक बंद. तयारीतले पैलवान शेतावर रोजंदारीला गेले, आणि त्यांतले काही परतलेच नाहीत. ज्यांचं बळ खरोखर एकट्याचं असतं त्यांना जत्रा बंद झाल्यानं काय फरक पडला असता? त्यांनी घरी जोर काढले असते. पण अंग द्यायला जोडीदार नाही, चूक दाखवायला वस्ताद नाही, पाहायला गाव नाही, तेव्हा पैलवान उरत नाही, फक्त कसलेलं शरीर उरतं. आज वाढदिवसाच्या फलकांवर पैलवानांचे फोटो लावणारे पुढारी पुष्कळ आहेत आणि लाखोंच्या इनामांचे मोठे फडही होतात, पण शेवटच्या कुस्तीला लाखो देणारा संयोजक पहिल्या पन्नास कुस्त्यांना हात आखडता घेतो. शेवटची कुस्ती लढणारा मल्ल कधीकाळी त्या पहिल्या पन्नासांतच होता, याचा हिशेब ठेवला जात नाही. म्हणून गावोगावच्या जत्रा समित्यांना आणि मैदानं भरवणाऱ्या मंडळींना सांगणं एवढंच: मोठ्या इनामातला चौथा हिस्सा काढा आणि तो गावच्या तालमीतली माती, वस्तादाचं मानधन आणि लहान पोरापोरींचा खुराक यांच्यासाठी दरसाल बाजूला ठेवा. मारुतीपुढे नारळ फोडायला हरकत नाही, पण खोबरं वाटायला समोर पोरं असली पाहिजेत.